पहिला टुरिस्ट व्हिसा काढताना: कागद एकमेकांशी जुळले पाहिजेत

व्हिसाचा अर्ज तपासणारा अधिकारी तुम्हाला ओळखत नाही. तुमचं गाव त्याने पाहिलेलं नाही, आणि अमेरिकेसारखे मोजके देश सोडले तर तो तुमच्याशी एक शब्दही बोलणार नाही. त्याच्यासमोर असतात फक्त तुमचे कागद. त्यावरूनच त्याला ठरवायचं असतं, की हा माणूस खरंच फिरायला येतोय का, खर्च कुठून करणार आहे आणि ठरल्या दिवशी परत जाणार आहे का.

सातारा-सांगलीकडच्या माणसाकडे पैसे नाहीत म्हणून काम अडतं, असं फारसं होत नाही. पैसा असतो, पण तो आला कुठून हे कागदावर नसतं. बागायत असते, पण उत्पन्न वर्षातून दोनदाच खात्यात दिसतं. आईचं नाव आधारवर एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरंच असतं. आपल्या तालुक्यात यातलं काहीच कोणाला खटकत नाही, परदेशी टेबलावर मात्र प्रत्येक गोष्ट खटकते. त्यामुळे कागद गोळा करण्याइतकंच ते एकमेकांशी जुळवणं महत्त्वाचं आहे.

आधी बघा, व्हिसा लागतो का

नेपाळ-भूतानला भारतीयांना व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्रावरही जाता येतं. मॉरिशसला व्हिसा आधी काढावा लागत नाही. थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसा माफ केला. तिथे किती दिवस राहता येतं याचे नियम अधूनमधून बदलतात, आणि १ मे २०२५ पासून निघण्याआधी डिजिटल आगमन कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. इंडोनेशियात, म्हणजे बालीला, विमानतळावर उतरल्यावर ५ लाख रुपिया भरून ३० दिवसांचा व्हिसा मिळतो. व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या निघतो, एका प्रवेशाचे २५ डॉलर. सिंगापूरचा व्हिसा पर्यटकाला थेट काढता येत नाही, तो साधारणपणे मान्यताप्राप्त एजंटामार्फत काढावा लागतो. हे नियम कधीही बदलू शकतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पुन्हा एकदा बघा. ई-व्हिसाच्या बाबतीत हुबेहूब सरकारी दिसणारी खासगी संकेतस्थळं बरीच आहेत आणि ती दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. सरकारी पत्त्यात बहुधा ‘जीओव्ही’ किंवा नुसती ‘जीओ’ ही अक्षरं असतात, तेवढं पाहूनच पैसे भरा.

विमान कुठे बदलायचं आहे तेही पाहा. लंडनमार्गे पुढे जाणाऱ्या भारतीयांना विमानतळाबाहेर पडायचं नसलं तरी साधारणपणे ट्रान्झिट व्हिसा लागतो. स्वस्त तिकीट हाती आल्यावर हे कळलं तर स्वस्ताई तिथेच संपते.

खरी मेहनत लागते ती युरोपचा शेंगेन (म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा), ब्रिटन आणि अमेरिका अशा व्हिसांना. पुढचं बहुतेक विवेचन शेंगेन धरून केलं आहे. त्याची फाईल नीट लावता आली की बाकीच्या देशांचं बरंचसं कळतं.

पासपोर्ट आणि नावांचा घोळ

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पुण्याच्या विभागीय पासपोर्ट कार्यालयाखाली येतात. ३६ पानी, दहा वर्षांच्या साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये आहे, तत्काळला वर आणखी २०००. पोलीस पडताळणी धरून हातात वेळ ठेवा आणि पासपोर्ट हातात येईपर्यंत व्हिसाची कुठलीही तारीख घेऊ नका. अर्जात पासपोर्ट क्रमांक लागतोच.

जुना पासपोर्ट असेल तर तीन गोष्टी तपासा. शेंगेनसाठी परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने मुदत शिल्लक हवी, पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा आणि दोन पानं कोरी हवीत. आशियातले बरेच देश सहा महिने मुदत मागतात. म्हणून सहा महिने हाच हिशेब धरलेला बरा.

आता नावं. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी रीत आहे. पासपोर्टवर पहिली दोन एका रकान्यात जातात आणि आडनाव दुसऱ्या. व्हिसाच्या अर्जात, तिकिटावर आणि विम्यावर अगदी तसंच उतरवायचं. बँकेच्या स्टेटमेंटवर आडनाव आधी येतं, ते चालतं. चालत नाही ते स्पेलिंगमधला फरक, आणि ‘सुनीता’च्या जागी ‘सुनीताबाई’ किंवा ‘आनंदा’च्या जागी ‘आनंदराव’. असे फरक असतील तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरी करून जोडा. जमत असेल तर बँकेचं केवायसी पासपोर्टप्रमाणे आधीच दुरुस्त करून घ्या, हा उपाय जास्त पक्का.

पन्नाशी-साठीच्या बायकांच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. लग्नात नुसतं आडनावच नाही, पहिलं नावही बदललेलं असतं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, बाकी सगळीकडे सासरचं. शेंगेनच्या अर्जात ‘जन्माच्या वेळचं आडनाव’ असा वेगळा रकाना आहे, त्यात माहेरचं आडनाव लिहायचं. तो मोकळा सोडायचा नाही आणि त्यात पुन्हा सासरचंही लिहायचं नाही. अमेरिकेचा अर्ज ‘पूर्वी दुसरं कुठलं नाव वापरलं का’ असं विचारतो. तिथे ‘हो’ लिहिलं तर काही बिघडत नाही. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र जवळ असलं म्हणजे झालं.

नवविवाहितांना हनिमूनसाठी पासपोर्टवर नाव बदलून घेण्याची गरज नाही. मुलीचा पासपोर्ट माहेरच्या नावाने असेल तर व्हिसा, तिकीट, विमा सगळं त्याच नावाने काढा आणि विवाहाचा दाखला जोडा. नाव बदलायचं असेल तर ते परत आल्यावर बघा. व्हिसा लागल्यानंतर मध्येच पासपोर्ट बदलला तर गुंता वाढतो.

कधी आणि कुठे

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, प्रकरण अडलं तर ४५ दिवसांपर्यंत. कागदावर हे सोपं दिसतं, अडचण असते अपॉइंटमेंटची. मे महिन्याच्या सुट्टीसाठी सगळा महाराष्ट्र एकदमच अर्ज करतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तारखा मिळेनाशा होतात. मेमध्ये जायचं असेल तर जानेवारीतच तारीख धरा. एक लक्षात ठेवा: निर्णय होईपर्यंत पासपोर्ट त्यांच्याकडेच राहतो, तेवढ्या काळात दुसऱ्या कुठल्या परदेशी जायचं ठरवू नका.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, याचा नियम पक्का आहे. शेंगेनमध्ये आता २९ देश आहेत आणि एकच व्हिसा सगळीकडे चालतो, पण अर्ज करायचा तो जिथे सर्वाधिक रात्री राहणार त्या देशाकडे. पॅरिसमध्ये ३ रात्री, स्वित्झर्लंडमध्ये ४ आणि इटलीत २ असतील तर अर्ज स्वित्झर्लंडकडे जातो. रात्री समान असतील तर जिथे आधी उतरणार तो देश. अमुक देशाची तारीख लवकर मिळते म्हणून तिकडे अर्ज टाकून खरा मुक्काम दुसरीकडे करणं ही फार जुनी आणि अजूनही घडणारी चूक आहे. हॉटेलच्या बुकिंगवरून ती लगेच उघडी पडते. आयर्लंड आणि सायप्रस शेंगेनमध्ये नाहीत, ब्रिटनही नाही.

कागद घेण्याचं आणि बोटांचे ठसे घेण्याचं काम दूतावास स्वतः करत नाहीत. बहुतेक देशांसाठी ते व्हीएफएस ही खासगी कंपनी करते, स्पेनसाठी बीएलएस. काही देशांची केंद्रं पुण्यात आहेत, बाकीच्यांसाठी मुंबई. साताऱ्याहून पुणं सकाळी निघून गाठता येतं. सांगली-मिरजेहून मुंबईचं काम असेल तर महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री बसून सकाळी पोचता येतं, पण गाडीला उशीर होतो हे धरून अपॉइंटमेंट अकराच्या पुढची घ्या. निर्णय घेणं केंद्राच्या हातात नसतं. काउंटरवरच्या मुलीने ‘फाईल छान आहे’ म्हटलं म्हणून व्हिसा पक्का झाला, असं समजू नका.

पैसा: किती आहे, आणि कुठून आला

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा थांबून पाहू.

एका नोकरदाराचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट डोळ्यासमोर आणा. दर महिन्याच्या १ तारखेला ४२,००० पगार येतो. १० तारखेपर्यंत हप्ते, किराणा, मुलांची फी जाऊन ९-१० हजार उरतात. सहा महिने हेच चालू आहे. आणि अर्जाच्या आठ दिवस आधी एकदम ४ लाख जमा. शेवटची शिल्लक ४ लाख १० हजार. खातेदार खूश, कारण ‘बॅलन्स दिसतोय’. अधिकाऱ्याला मात्र दिसतं ते असं: या माणसाच्या खात्यात एरवी जेमतेम दहा हजार असतात, मग हे चार लाख कोणाचे? उसने आणून दाखवलेत का? परत द्यायचे असतील तर प्रवासाचा खर्च कशातून? बॅलन्स दाखवण्याच्या या खटपटीनेच फाईल कमकुवत होते. ते चार लाख ठेव मोडून आले असतील तर ठेव मोडल्याची पावती जोडा. जमीन विकली असेल तर खरेदीखत. वडिलांनी दिले असतील तर वडिलांचं पत्र आणि त्यांचं स्टेटमेंट. मोठ्या जमा रकमेसोबत तिचा कागद असला की ती रक्कम अडचण न राहता पुरावा होते.

शेतकऱ्याचं गणित याहून वेगळं आहे, आणि आपल्या भागासाठी ते नीट समजून घ्यायला हवं. लागणाऱ्या कागदांच्या यादीत लिहिलेलं असतं ‘तीन महिन्यांचं स्टेटमेंट’. तासगाव-पलूसकडच्या द्राक्ष बागायतदाराने फेब्रुवारीच्या सुरुवातीला अर्ज केला तर त्या तीन महिन्यांत काय दिसेल? ऑक्टोबर छाटणीनंतरची औषधं, खतं, मजुरी. म्हणजे खर्चच खर्च. माल निघायचा आहे, पैसे यायचे आहेत. वर्षाचं उत्पन्न चांगलं असूनही कागदावर तो कर्जबाजारी दिसतो. अशा वेळी आपण होऊन बारा महिन्यांचं स्टेटमेंट जोडा आणि कारण पत्रात लिहा. जास्तीचं स्टेटमेंट जोडलं म्हणून कोणी अर्ज परत करत नाही.

उसाचं बिल बऱ्याचदा जिल्हा बँकेत किंवा सोसायटीशी जोडलेल्या खात्यात पडतं आणि माणूस अर्जाला मात्र राष्ट्रीयीकृत बँकेचं खातं लावतो, ‘तिचा शिक्का भारी’ म्हणून. मग उत्पन्न दिसणारच कसं? दोन्ही खाती जोडा. सोबत कारखान्याची ऊसबिलं, हळद किंवा बेदाणा असेल तर अडत्याची सौद्याची पट्टी, दूध घालत असाल तर संघाची बिलं. प्रत्येक बिलाची रक्कम स्टेटमेंटमधल्या ज्या ओळीत जमा झाली तिच्यापुढे पेन्सिलने खूण करा. अधिकाऱ्याला शोधायला लावायचं नाही.

सातबारा आणि आठ अ जोडा. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन निघतो. तो मराठीत असतो, म्हणून इंग्रजी भाषांतर करून प्रमाणित करून घ्या. भाषांतरात क्षेत्र हेक्टर-आरमध्ये आणि जोडीला एकरातही लिहा. सामायिक खात्यात आठ-दहा नावं असतील तर तुमचा हिस्सा कोणता, कोण कसतं आणि पैसा कोणाच्या खात्यात येतो, हे एका परिच्छेदात सांगा. नाहीतर दहा एकर तुमच्या एकट्याचे असल्याचा आभास होतो आणि बँकेतला आकडा त्याच्याशी जुळत नाही.

इन्कम टॅक्स रिटर्नबद्दल एक गैरसमज आहे: शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणजे रिटर्नची गरज नाही. कर लागत नाही हे खरं, पण व्हिसासाठी रिटर्न हा सरकारी नोंदीतला उत्पन्नाचा पुरावा असतो. शेतीचं उत्पन्न त्यात करमुक्त उत्पन्न म्हणून दाखवता येतं. वर्षाला पाच हजारांहून जास्त शेती उत्पन्न असेल तर सगळ्यात साधा, पहिला फॉर्म चालत नाही, सीएला तसं सांगा. परदेशी जायचा विचार दोन-तीन वर्षांनंतरचा असला तरी रिटर्न आत्तापासून वेळेत भरत चला. अर्जाच्या आदल्या आठवड्यात सगळी वर्षं एकदम भरली तर पावतीवरच्या तारखा ते सांगतातच.

खानापूर-आटपाडीकडची गलाई (सोनं-चांदी गाळण्याच्या) व्यवसायातली कुटुंबं दुकान परराज्यात आणि घर गावाकडे अशी राहतात. त्यांनी दुकान जिथे आहे तिथला परवाना आणि जीएसटीचे कागद लावावेत, आणि राहण्याचा खरा पत्ता कोणता हे आधी ठरवावं. काही वेळा कोणत्या शहरातल्या केंद्रात अर्ज करायचा हे त्यावर अवलंबून असतं. पतसंस्थेतल्या ठेवी जोडा, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. बँकेचं चालतं खातं हा पाया, ठेवी हा आधार. हस्तलिखित पासबुक नको, छापील स्टेटमेंटच्या प्रत्येक पानावर बँकेचा शिक्का आणि सही घ्या.

किती पैसे पुरेसे? काही देश किमान आकडा जाहीर करतात. फ्रान्स हॉटेलचं बुकिंग असेल तर माणशी रोज ६५ युरो धरतो, नसेल तर १२०. पण हा उंबरठा झाला. वर्षाला सहा लाख मिळवणाऱ्याने साडेपाच लाखांची सहल मांडली तर आकडा पुरत असूनही गोष्ट पटत नाही. अशा वेळी दिवस कमी करा, एक देश कमी करा. आवाक्यातला प्रवास दाखवणं हे पैसे वाढवून दाखवण्यापेक्षा कितीतरी खात्रीचं.

परत येणार, हे कशावरून?

नोकरदारांसाठी ऑफिसचं पत्र: हुद्दा, कधीपासून, पगार, कोणत्या तारखांची रजा मंजूर आणि कामावर हजर होण्याचा दिवस. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी आणि इतर सरकारी कर्मचाऱ्यांनी परदेश प्रवासाची परवानगी आधी मागायला हवी. तो कागद पंचायत समितीपासून वर फिरून यायला वेळ लागतो, आणि सगळी फाईल तयार असून नुसत्या या कागदासाठी अपॉइंटमेंट पुढे ढकलावी लागते. निवृत्तांनी पेन्शनचा आदेश आणि पेन्शन जमा होणारं खातं जोडावं. व्यापाऱ्यांनी दुकानाचा परवाना, उद्यम नोंदणी, जीएसटी. गृहिणीने ‘गृहिणी’ असंच लिहावं आणि खर्च करणाऱ्याचे सगळे कागद तिच्याही फाईलमध्ये स्वतंत्र लावावेत. नवरा-बायकोच्या फाईली वेगळ्या तपासल्या जातात.

मुलगा परदेशात असेल आणि आई-वडील त्याच्याकडे जात असतील तर ते लपवून ‘फिरायला’ असं लिहू नका. जर्मनीत मुलाला तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून खर्चाच्या हमीचं अधिकृत पत्र काढता येतं. फ्रान्समध्ये घरी राहणार असाल तर तो नगरपालिकेकडून निवासाचा दाखला काढून पाठवतो. हे मूळ कागद इथे पोचायला वेळ लागतो, कुरिअरचे दिवस धरून ठेवा.

पत्र आणि प्रवासाचा आराखडा

फाईलच्या सुरुवातीला एका पानाचं पत्र असतं. इंटरनेटवरून उतरवलेल्या पत्रात ‘आपल्या सुंदर देशाची संस्कृती अनुभवण्याची माझी लहानपणापासूनची इच्छा’ असं काहीतरी असतं. त्याने काही साधत नाही. पत्राचं काम वेगळं आहे: कागदात जिथे प्रश्न पडेल तिथे उत्तर देणं. लिहायचं इंग्रजीत, पण मजकूर साधारण असा असावा:

‘मी आणि माझी पत्नी २० मे ते २९ मे या काळात फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि इटली पाहण्यासाठी येत आहोत. सर्वाधिक, म्हणजे चार रात्री स्वित्झर्लंडमध्ये असल्याने अर्ज आपल्याकडे करत आहोत. मी तासगाव तालुक्यात साडेचार एकर द्राक्षबाग करतो. जमीन माझ्या आणि वडिलांच्या नावावर आहे, उतारा आणि भाषांतर जोडलं आहे. माझं उत्पन्न फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये एकदम येतं, म्हणून बारा महिन्यांचं स्टेटमेंट जोडत आहे. १८ मार्चला जमा झालेले ६,४०,००० रुपये द्राक्षविक्रीचे आहेत, व्यापाऱ्याची पट्टी पान २३ वर आहे. दोघांचा खर्च मी करत आहे. आमची दोन मुलं या काळात माझ्या आई-वडिलांकडे राहतील, त्यांची शाळा जूनच्या मध्याला सुरू होते.’

एवढंच. एकही विशेषण नाही, प्रत्येक वाक्याला मागे एक कागद आहे.

आराखड्यात तारीखवार मुक्काम, शहर, हॉटेल आणि एका शहरातून दुसऱ्या शहरात कसं जाणार हे लिहा. तारखांची एक गंमत पाहून ठेवा, इथे बरेच जण चुकतात. मुंबईहून १९ तारखेच्या रात्री निघालात तर युरोपात २० ला उतरता. अर्जातली आगमनाची तारीख २० हवी, हॉटेल २० पासून हवं. शेंगेनमध्ये उतरण्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस मोजतात, म्हणून २० ते २९ म्हणजे रात्री ९ पण दिवस १०. विमा या दहाही दिवसांचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा आणि किमान ३०,००० युरोच्या वैद्यकीय खर्चाचा हवा. सत्तरीपुढच्यांचा विमा महाग पडतो आणि जुन्या आजारांना बऱ्याचदा वगळलेलं असतं, पॉलिसीचं ते कलम वाचूनच घ्या.

विमानाचं पैसे भरलेलं तिकीट व्हिसाआधी काढायचं नाही. आरक्षण पुरतं. हॉटेलही रद्द करता येईल असंच घ्या. पण ते खरं असायला हवं. कुठूनतरी बनवून आणलेलं, तपासल्यावर सापडतच नाही असं आरक्षण जोडलं तर एका कागदामुळे सगळ्या फाईलवरचा विश्वास जातो. आणि अर्ज दिला की लगेच हॉटेलं रद्द करू नका, निर्णय येईपर्यंत थांबा.

फोटो, ठसे आणि केंद्रावरचा दिवस

शेंगेन आणि ब्रिटनसाठी ३५ बाय ४५ मिलिमीटर, अमेरिकेसाठी २ बाय २ इंच. सहा महिन्यांच्या आतला, मागे पांढरी किंवा फिकट भिंत, चेहरा पूर्ण दिसणारा. स्टुडिओवाल्याला आधीच सांगा, रंग उजळायचा नाही आणि डाग पुसायचे नाहीत. अमेरिकेच्या फोटोत चष्मा चालत नाही.

बोटांच्या ठशांकडे कोणी लक्ष देत नाही. हातावर मेंदी असेल तर ठसे घेताना अडचण येऊ शकते, म्हणून लग्नानंतर लगेच अपॉइंटमेंट घेऊ नका. शेतात किंवा कारखान्यात काम करणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. आदल्या आठवड्यात रोज रात्री खोबरेल लावा आणि बोट कापू देऊ नका. शेंगेनसाठी एकदा दिलेले ठसे ५९ महिने वापरता येतात.

शेंगेनची फी जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना माफ. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. नकार आला तरी फी परत मिळत नाही. केंद्रावर एसएमएस, कुरिअर, प्रीमियम लाउंज अशा जादा सेवा सुचवतात. गावाकडे राहणाऱ्याला कुरिअर उपयोगी पडतं, नाहीतर पासपोर्टसाठी पुन्हा फेरी पडते. बाकीच्या सेवांचा निर्णयावर काडीचाही परिणाम होत नाही. कागद ए-फोर आकारात, यादीच्या क्रमाने, स्टेपल न मारता न्या. मूळ कागद सोबत ठेवा, द्या मात्र प्रती.

ब्रिटन आणि अमेरिका, थोडक्यात

ब्रिटनचा पर्यटक व्हिसा साधारण सहा महिन्यांचा असतो. अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो आणि साधारण तीन आठवड्यांत निर्णय होतो. पैसे २८ दिवस खात्यात पडून हवेत, हा नियम विद्यार्थ्यांच्या व्हिसाचा आहे, पर्यटकाला तो लागू नाही. पण मोठ्या जमेचा स्रोत तिथेही विचारला जातो.

अमेरिकेचा सगळा खेळ डीएस-१६० या ऑनलाइन अर्जाचा आणि मुलाखतीचा. फी १८५ डॉलर. अर्ज भरताना वीसेक मिनिटं हालचाल झाली नाही तर पान बंद पडतं, म्हणून सुरुवातीला मिळणारा क्रमांक लिहून ठेवा आणि मधूनमधून सेव्ह करा. गेल्या पाच वर्षांत वापरलेली सोशल मीडिया खाती लिहावी लागतात. मुंबईत ठसे देण्याचं केंद्र वेगळं, वांद्रे-कुर्ला संकुलातला वाणिज्य दूतावास वेगळा, म्हणजे दोन अपॉइंटमेंट. दूतावासात मोबाइल नेता येत नाही. मुलाखत दोन-तीन मिनिटांची असते, कागद बहुतेकदा बघतही नाहीत. इंग्रजी अडखळत असेल तर मराठीत बोलायची सोय मागा. पाठ केलेल्या इंग्रजी वाक्यांपेक्षा ‘मुलगा डॅलसला आहे, नातू पाहायला चाललोय, जूनला परत येणार, पेरणी आहे’ हे सरळ मराठी उत्तर केव्हाही बरं.

एजंट घ्यावा का

फॉर्म भरण्याची सवय नसेल तर जरूर घ्या. सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज सगळीकडे हे काम करणारी माणसं आहेत. पण अर्जात मोबाइल आणि ईमेल तुमचाच लिहायला लावा, सही करण्यापूर्वी भरलेला फॉर्म वाचा आणि प्रत ठेवून घ्या. चुकीचं उत्तर एजंटाने लिहिलं तरी जबाबदारी तुमची. ‘शंभर टक्के व्हिसा’ असं कोणी सांगत असेल किंवा ‘स्टेटमेंट आम्ही करून देतो’ म्हणत असेल तर तिथून उठा. खोटा कागद पकडला गेला तर ब्रिटन दहा वर्षांपर्यंत बंदी घालू शकतं. शेंगेनची नोंद सगळ्या २९ देशांना दिसते.

नकार आला तर

शेंगेनमध्ये नकाराचं छापील पत्र येतं, त्यात ठरलेल्या कारणांपुढे खूण असते. ‘प्रवासाचा उद्देश आणि राहण्याच्या अटी यांचं समर्थन विश्वासार्ह नाही’ अशी खूण असेल तर आराखडा, हॉटेल, तारखा यांत विसंगती शोधा. ‘परत जाण्याच्या हेतूबद्दल शंका’ असेल तर नोकरी-शेती-कुटुंबाचे कागद अपुरे आहेत. ‘साधनं पुरेशी नाहीत’ म्हणजे बहुधा पैशाचा स्रोत कळला नाही. अपील करता येतं, पण ते लांबतं. जर्मनीने तर फेरविचार अर्जाची जुनी सोय १ जुलै २०२५ पासून बंद केली. चूक सापडली असेल तर ती दुरुस्त करून नवा अर्ज करणं बहुधा सोपं पडतं. तोच गठ्ठा दुसऱ्या देशाकडे नेऊन काही उपयोग नाही. पुढे कुठल्याही अर्जात ‘आधी नकार मिळाला आहे का’ विचारलं तर ‘हो’ लिहा आणि काय बदललं ते सांगा. नकाराने दार बंद होत नाही, तो लपवण्याने होतं.

स्टिकर लागल्यावर

पासपोर्ट परत आला की तिथल्या तिथे नाव, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि व्हिसाच्या तारखा वाचा. चूक असेल तर प्रवासाआधीच दुरुस्त होते. शेंगेनच्या स्टिकरवर ‘पासून-पर्यंत’ आणि ‘दिवस’ हे दोन वेगळे आकडे असतात. मुदत महिनाभराची दिसली तरी दिवसांच्या रकान्यात १० असेल तर दहाच दिवस राहता येतं. प्रवेशाच्या रकान्यात १ असेल तर एकदा शेंगेनबाहेर पडल्यावर परत आत येता येत नाही, म्हणून मध्येच लंडन फिरून येण्याचा बेत असेल तर हा आकडा आधी बघा. हा पहिला व्हिसा नीट वापरला तर पुढे फायदा आहे. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी असा नियम आहे, की तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन ते नियमाप्रमाणे वापरले असतील तर दोन वर्षांचा, अनेक वेळा जाता येईल असा व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा.

हॉटेलची बुकिंगं, विमा आणि परतीचं तिकीट यांच्या छापील प्रती हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको. उतरल्यावर इमिग्रेशनचा अधिकारी तेच मागू शकतो, आणि तिथे मोबाइलची बॅटरी संपलेली असते. युरोपात ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी संगणकावर नोंद करण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यामुळे चेहऱ्याचा फोटो काढतील. नोंद आपोआप होत असल्याने एक दिवस जास्त राहिलात तरी तो दिसतो. विमान रद्द झालं किंवा दवाखान्यात राहावं लागलं तर त्याचा कागद तिथेच मागून घ्या.